सिक्कीम उभं धरून वाचायचं कसं

२००९ साली बँकेनं माझी बदली गंगटोकला केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एक चूक केली. भिंतीवरच्या नकाशात दोन गावं बोटभर अंतरावर होती. सकाळी एक, दुपारी दुसरं, असा पाहणीचा बेत आखला आणि मॅनेजरला सांगूनही टाकला. पहिल्या गावातून दुसऱ्या गावाच्या घरांवरचे पत्रे मोजता येत होते, तिथला कोंबडा आरवलेला ऐकू येत होता. पण मध्ये दरी. खाली नदीपर्यंत उतरायचं, पूल गाठायचा, पुन्हा वर चढायचं. जीपला अडीच तास लागले आणि पोचलो तेव्हा अंधार पडत होता. ज्यांच्या कर्जाची पाहणी करायची ते आजोबा दारात कंदील घेऊन उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, "नकाशा बघून आलात का?"

सिक्कीमचा नकाशा आडवा पाहून कळत नाही, हे तेव्हा कळलं. तिथे तीन वर्षं काढली, नंतर दोनदा जाऊन आलो. आता कुणी "सिक्कीमला चाललोय, नुसते फोटो नको, जरा समजून घ्यायचंय, काय करू?" असं विचारलं की मी पुढे लिहिलंय ते सांगतो.

आधी घरी बसून एक चित्र काढा

आकडे छोटे आहेत, पाठ होतील. क्षेत्रफळ ७,०९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दुपटीला थोडं कमी. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६,१०,५७७, भारतातल्या सगळ्या राज्यांत सर्वांत कमी. पश्चिमेला नेपाळ, उत्तरेला आणि ईशान्येला तिबेट, आग्नेयेला भूतान, दक्षिणेला पश्चिम बंगाल. २०२१च्या डिसेंबरपर्यंत चार जिल्हे होते, आता सहा.

हे झालं आडवं सिक्कीम. आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या रेषेवर एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर, उभ्या रेषेवर एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर. दक्षिण-उत्तर अंतर साधारण ११० किलोमीटर, म्हणजे २२ सेंटिमीटर. कांचनजंगा ८,५८६ मीटर, म्हणजे सतरा सेंटिमीटरच्या थोडं वर. एका पानात बसतं. उभं माप दहापट ताणलंय हे कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर डोंगर भिंतीसारखे दिसतात आणि आपणच फसतो.

आता ठिपके द्या. बंगालच्या सीमेवरचं रंगपो तीनशे मीटरच्या आसपास. गंगटोक १,६५०, म्हणजे बरोबर आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं; तिथे बाजार, शाळा, टॅक्सी स्टँड, सगळं आहे. मंगन हजार-बाराशेच्या घरात. लाचेन आणि लाचुंग या दोन खोऱ्यांतल्या नद्या जिथे मिळतात आणि पुढे तिस्ता म्हणवतात ते चुंगथांग, सोळाशे-सतराशे. लाचेन गाव २,७००. थांगू ३,९००. गुरुडोंगमार तलाव ५,१००च्या वर. रंगपो ते कांचनजंगा सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर आणि तेवढ्यात आठ हजार मीटरांचा फरक. सिक्कीमचा भूगोल, इतिहास आणि पैसा, तिन्ही या फरकातून निघतात, म्हणून कागद जपून ठेवा. प्रवासात त्यावर पेन्सिलीनं लिहायचंय.

कडेच्या भिंतीही काढून टाका. पश्चिमेला सिंगालीला रांग, तिच्यापलीकडे नेपाळ. पूर्वेला चोला रांग, तिच्यात नथुला आणि जेलेपला या खिंडी. मध्ये तिस्ता आणि तिला पश्चिमेकडून मिळणारी रंगीत. इथल्या जुन्या रहिवासी लेपचा लोकांच्या गोष्टीत या दोघी नसून दोघं आहेत: तिस्ता प्रेयसी, रंगीत प्रियकर. संगमावर भेटायचं ठरलं. तिला वाट दाखवायला साप होता, तो सरळ खाली घेऊन आला. त्याच्या सोबतीला पक्षी होता, तो दाणे टिपत इकडे-तिकडे भटकला, म्हणून रंगीत उशिरा आला आणि रुसला. नकाशावर दोन्ही नद्यांचे मार्ग पाहा. गोष्ट रचणाऱ्यानं प्रवाह नीट पाहिले होते.

आत शिरा ते रस्त्यानं

पाक्योंगला विमानतळ आहे, सप्टेंबर २०१८मध्ये सुरू झाला. ढग उतरले की विमान येत नाही. पश्चिम बंगालमधलं सेवोक ते रंगपो असा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रेल्वेमार्ग आखला गेला आणि त्यातले अडतीसेक किलोमीटर बोगद्यांतून जातात. सोय म्हणून उत्तम, पण शिकायला गेला असाल तर बोगद्यातून काय दिसणार? सिलीगुडीहून शेअर जीप करा. गंगटोक ११५ किलोमीटर. रस्ता धड असेल तर चार-साडेचार तास.

खिडकी कुठली धरायची हा खरा प्रश्न. सेवोकपासून तिस्ता उजव्या हाताला असते. तिस्ता बाजारचा पूल ओलांडला की डाव्या हाताला येते. मी डावीकडची घेतो, कारण पुढच्या टप्प्यात नदीपलीकडचा काठ म्हणजे सिक्कीम आणि आपण चाललोय तो काठ अजून पश्चिम बंगाल. रंगपोपर्यंत हे असंच चालतं. पलीकडच्या उतारावरची शेतं, घरं, पांढरे ध्वज बघत राहायचं. राज्यात शिरायच्या आधी अर्धा तास राज्य शेजारून चालत असतं.

ड्रायव्हरला "दाज्यू" म्हणा, म्हणजे दादा. चहावालीला "दिदी". "भैया" म्हटलंत तर चालतं, पण गप्पा सुरू होत नाहीत. आणि एक आनंद आपल्यासाठी राखून ठेवलेला आहे: व्यवहाराची भाषा नेपाळी, ती देवनागरीत लिहितात. "यहाँ फोहोर नफाल्नुहोस्" अशी पाटी दिसली की अर्थ कळायच्या आधी वाचता येते. (कचरा टाकू नका, असं म्हणतेय ती.) "पानी पर्‍यो" म्हणजे पाऊस पडला, हे मराठी माणसाला कुणी सांगावं लागत नाही. "मिठो" मात्र फसवतं. तिखटजाळ चटणी खाऊन यजमान "मिठो छ?" विचारतात. मिठाशी संबंध नाही, साखरेशी नाही. चवदार आहे का, एवढंच.

गावांच्या नावांतून भूगोल कळतो, तेव्हा थोडे शब्द वहीत उतरवून घ्या. "चू" म्हणजे पाणी किंवा नदी, हा भुतिया-तिबेटी शब्द. "खोला" म्हणजे नदी-ओढा, नेपाळी. "झोरा" छोटा ओहोळ. "ला" म्हणजे खिंड, त्यामुळे "नथुला पास" म्हणणं म्हणजे "खिंड खिंड" म्हणणं. "भीर" म्हणजे कडा. रस्त्यावर लिखुभीर लागतं, पावसाळ्यात तिथे रस्ता सारखा खचतो, आणि नावातच कडा असल्यावर आश्चर्य कसलं. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द "पैरो", दरड. "पैरो गयो" हे दोन शब्द आमच्या शाखेत रजेच्या अर्जापासून हप्ता चुकण्यापर्यंत कशालाही पुरत. पहिले सहा महिने मला ती सबब वाटायची. मग एकदा मीच सिंगतामच्या अलीकडे अकरा तास अडकलो.

उंचीची वही

रोज दोन-तीन ठिकाणी थांबून चार गोष्टी टिपा: उंची, शेतात काय आहे, घर कशाचं आहे, पाणी कुठून येतं. मोबाइलमध्ये उंची दिसते, तेवढी पुरे.

तीनशे ते नऊशे मीटरच्या पट्ट्यात भात, मका, आलं, संत्री. ऊन लागतं, पंखा लागतो, सिक्कीम थंड असतं हे इथे कुणाला पटणार नाही. नऊशे ते दोन हजार हा वस्तीचा पट्टा. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आणि ओढ्याच्या कडेनं दाट सावलीत मोठी वेलची. त्यापुढे बटाटा, कोबी, लाचुंगकडे सफरचंद. तीन हजारांवर गुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, जंगलं. चार हजारांवर याक आणि वारा.

पाऊसही उंचीनं आणि दिशेनं ठरतो. गंगटोकला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. बुरशी चामड्याच्या पट्ट्यावर, पासबुकावर, सगळीकडे धरते. तोच ढग वर चढता-चढता रिकामा होतो आणि अगदी उत्तरेला, त्सो ल्हामोच्या पठारावर, कोरडं थंड वाळवंट आहे. एका दिवसाच्या प्रवासात कोकण आणि लडाख. हे वाचून नाही, कातडीवर कळतं: सकाळी घामानं सदरा चिकटलेला असतो, दुपारी ओठ फुटलेले असतात.

घरांकडे पाहताना जुनी "एकरा" घरं शोधा. लाकडी सांगाडा, बोरू-बांबूच्या भिंती, वर मातीचा लेप, पांढरी रंगवलेली, मध्ये काळ्या लाकडाच्या चौकटी. १८ सप्टेंबर २०११ला, रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर चहा टाकत होतो. गॅस बंद केला की नाही हे मला अजून आठवत नाही. सगळं गाव पावसात रस्त्यावर. नंतर पडझडीच्या पाहणीला फिरलो तेव्हा सिमेंटच्या नव्या इमारतींच्या खांबांना भेगा होत्या, आणि शेजारचं साठ-सत्तर वर्षांचं एकरा घर लेपाचे दोन पोपडे गळून तसंच उभं होतं. हलकं घर हलतं आणि थांबतं. कर्ज मात्र आम्ही सिमेंटच्या घरालाच देत होतो.

इतिहास राजधान्यांच्या क्रमानं फिरा

राजांची नावं पाठ करू नका. चार राजधान्या क्रमानं बघा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथून हलले का?

सुरुवात त्याही आधीची हवी असेल तर गंगटोकहून मंगनच्या रस्त्याला काबी लुंगचोक आहे. लेपचांचा प्रमुख थेकोंग तेक आणि तिबेटकडून आलेल्या भुतियांचा पूर्वज ख्ये बुमसा यांनी इथे रक्ताची शपथ घेऊन बंधुत्व जोडलं, असं मानतात. झाडीत उभे दगड आहेत. पांग ल्हाबसोल हा सण त्या शपथेचा आणि कांचनजंगेच्या पूजेचा. लेपचा, भुतिया आणि लिंबू ही जुनी वस्ती. "सिक्कीम" हे नावच लिंबू भाषेतल्या "नवं घर" अशा अर्थाच्या शब्दांवरून आलं असं सांगतात. तिबेटी लोक "देंजोंग", भाताचं खोरं, म्हणत. कोरड्या पठारावरून खाली उतरलेल्या माणसाला हिरवं भातशेत पाहून दुसरं काय सुचणार!

पहिली राजधानी युकसोम. १६४२ साली तीन लामांनी मिळून फुंत्सोग नामग्यालला पहिला चोग्याल, म्हणजे धर्मराजा, केलं. नोर्बुगांगला झाडाखाली दगडी आसन आहे, त्यावर ओळीनं चार जागा. राजवाडा शोधू नका. सिंहासन हे इतकंच, आणि त्यातही राजाला लामांच्या ओळीत बसवलेलं आहे.

दुसरी राबदेन्त्से, १६७०च्या सुमारास. पेलिंगजवळ, पेमायांग्त्से गुंफेच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, खालच्या अंगाला. जंगलातून वीसेक मिनिटं चालत जावं लागतं, आणि मग उघड्या माथ्यावर पडक्या भिंती. तिथे उभं राहून पश्चिमेकडे बघा: सिंगालीला रांग, नेपाळ. अठराव्या शतकाच्या शेवटी गुरख्यांच्या स्वाऱ्या तिकडून आल्या, राबदेन्त्से उद्ध्वस्त झालं, आणि १७९३मध्ये राजधानी तिस्तेच्या पूर्वेला, तुमलोंगला, गेली. कारण ऐकून नव्हे, त्या माथ्यावर उभं राहून पटतं.

तुमलोंगच्या काळात खालून इंग्रज आले. १८१७चा तितालियाचा तह, मग १८३५मध्ये दार्जिलिंगचं दान. बँकेच्या माणसाला त्यातला हिशेब आवडतो: त्या मोबदल्यात इंग्रज १८४१पासून चोग्यालला वर्षाला ३,००० रुपये देऊ लागले, १८४६मध्ये ६,००० केले. १८४९ला वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर आणि दार्जिलिंगचे अधिकारी कॅम्पबेल यांना सिक्कीममध्ये अटक झाली, तर रक्कम बंद आणि खालची तराई जप्त. १८६१ला तुमलोंगचा तह. १८८९ला जॉन क्लॉड व्हाइट हा पहिला पोलिटिकल ऑफिसर, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, आला; जमीन कसायला आणि सारा वाढवायला नेपाळी शेतकऱ्यांची वस्ती त्याच्या काळात जोरात वाढली. आज नेपाळीभाषक बहुसंख्य का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

१८९४ला राजधानी गंगटोकला आली, तिबेटच्या व्यापारी वाटेवर आणि पोलिटिकल ऑफिसरच्या नजरेखाली.

शेवटचा टप्पा जपून विचारा. १९५० सालच्या डिसेंबरात झालेल्या तहानं सिक्कीम भारताचं संरक्षित राज्य झालं. १९७३ला चोग्यालविरुद्ध चळवळ, ८ मेला चोग्याल, राजकीय पक्ष आणि भारत सरकार यांच्यात त्रिपक्षीय करार. १४ एप्रिल १९७५ला सार्वमत झालं: चोग्यालपद रद्द करून भारतात यायच्या बाजूनं ५९,६३७, विरुद्ध १,४९६. १६ मे १९७५ला सिक्कीम बाविसावं राज्य झालं. जुनी माणसं याला "मर्जर" म्हणतात, आणि त्या एका शब्दाचा सूर घराघरात वेगळा लागतो. चहाच्या दुकानात आपणहून मत देऊ नका. "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" एवढं विचारा आणि गप्प बसा. आमच्या शाखेत दोन म्हाताऱ्या शेजारी-शेजारी बसून पेन्शनची वाट बघत. एकीला मी हा प्रश्न विचारला तर ती हसली आणि दुसरीनं तोंड फिरवलं.

कागद कुठले मागायचे

सिक्कीमचं वेगळेपण मला देवळात-गुंफेत नाही, कर्जाच्या फायलीत दिसलं. घटनेचं कलम ३७१-फ राज्याचे जुने कायदे टिकवतं. १९१७चा महसूल हुकूम क्रमांक १ अजून लागू आहे: भुतिया-लेपचांची जमीन बाहेरच्याच्या नावावर होत नाही. म्हणजे तारणाची पहिली चौकशी किमतीची नाही, "जमीन कुणाची?" ही. जुनी कुटुंबं "सब्जेक्ट", म्हणजे चोग्यालची प्रजा, १९६१च्या नियमाखाली नोंद झालेली. अशा सिक्कीमी माणसाला तिथल्या उत्पन्नावर आयकर नाही (१९६१च्या आयकर कायद्याचं कलम १०(२६एएए)). जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९७५च्या आधीपासून राहणाऱ्या जुन्या व्यापारी कुटुंबांनाही ती सूट दिली. विधानसभेच्या ३२ जागांपैकी १२ भुतिया-लेपचांसाठी, आणि एक जागा संघाची, म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाची, जिथे मतदार फक्त गुंफांतले भिक्षू-भिक्षुणी. १९६८ची स्टेट बँक ऑफ सिक्कीम नावानं ओळखीची वाटते, पण आपल्या स्टेट बँकेशी तिचा काही संबंध नाही. ती राज्य सरकारची तिजोरी सांभाळते. बाकी राज्य सरकारांचे व्यवहार रिझर्व्ह बँक बघते, सिक्कीमचे नाही.

लाचेन-लाचुंगला तर पंचायतही नाही. तिथे "जुम्सा" आहे, गावाची सभा, आणि तिचा मुखिया "पिपोन". गुरं वर कधी न्यायची, खाली कधी आणायची, सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी. तारीख मोडली तर दंड. शहरी माणसाला हे जाचक वाटेल. वर चरायचं गवत किती दिवस पुरतं हे माहीत असलेल्याला वाटत नाही.

पैसा कुठून येतो ते रंगपोला बघा

पुस्तकात वाचाल की सिक्कीमचं दरडोई उत्पन्न देशात अगदी वरच्या क्रमांकाचं आहे. खरं आहे. पण भागाकार कशाला कशानं केलाय ते बघा. खाली सहा लाख माणसं. वर जलविद्युत प्रकल्प आणि औषधांचे कारखाने. २००७च्या ईशान्येसाठीच्या औद्योगिक धोरणात करसवलती मिळाल्या आणि रंगपो, सिंगताम, मझितारच्या पट्ट्यात मोठमोठ्या औषध कंपन्या आल्या. कच्चा माल खालून येतो, गोळ्या खाली जातात.

म्हणून एक काम करा. रंगपोच्या नाक्याजवळ सकाळी तासभर चहा घेत बसा आणि वर काय चाललंय, खाली काय चाललंय ते वहीत दोन रकान्यांत लिहा. वर: सिमेंट, सळ्या, तांदूळ, कोंबड्या, गॅस सिलिंडर, आणि भाजी. हो, भाजी. जानेवारी २०१६मध्ये सिक्कीम देशातलं पहिलं पूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर झालं, पंचाहत्तर हजार हेक्टरांच्या आसपास जमीन. २०१८ला त्यासाठी जागतिक सुवर्ण पुरस्कारही मिळाला. रासायनिक खतं-औषधांना बंदी खरीच आहे. तरी गंगटोकच्या लाल बाजारात कांदा-बटाटा सिलीगुडीचाच मोठ्या प्रमाणात. उतारावरच्या चिंचोळ्या पायऱ्यांत शहराचं पोट भरत नाही. सेंद्रियवर टीका करायची तर करा, आधी ती पायरी नांगरायला बैल कसा वळवतात ते बघून या.

खाली: औषधांचे बंद ट्रक, आणि हंगामात वेलचीची पोती.

वेलचीसाठी वेगळा दिवस काढा. आपण मसाल्यात टाकतो ती मोठी, तपकिरी, धुरकट वासाची. भारतातलं सर्वांत जास्त उत्पादन सिक्कीमचं. ती सावलीत वाढते, आणि सावली देतं उत्तिसाचं झाड, जे मुळांतून जमिनीत नत्र भरतं आणि नंतर त्याचंच लाकूड भट्टीत जळतं. काढणीसुद्धा उंचीनं ठरते: खालच्या बागा ऑगस्ट-सप्टेंबरात, वरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणून जायचं तर नोव्हेंबरात. आकाशही तेव्हा स्वच्छ असतं, कांचनजंगा सकाळी हमखास दिसते.

भट्टी म्हणजे दगडमातीचा चौकोनी कठडा, वर बांबूची जाळी, खाली ओंडके धुमसत ठेवलेले. ओल्या बोंडांचा लालसर थर जाळीवर पसरतात आणि रात्रभर एकजण जागतो. आच वाढली की बोंड फुटतं, कमी झाली की बुरशी. मी ज्या घरी पाहिलं तिथली आमा, म्हणजे आई, मधूनच मूठभर उचलून कानाशी नेऊन हलवायची. आत बिया खुळखुळल्या की झालं. चार किलो ओल्या मालाचा जेमतेम किलोभर सुका माल निघतो. सकाळी माझ्या स्वेटरला जो वास लागला तो गंगटोकला धुऊनही आठवडाभर गेला नाही.

चिरके आणि फुर्के हे विषाणूंचे दोन रोग, एकात पानांवर पट्टे, दुसऱ्यात रोप झुडपासारखं खुरटतं. त्यांनी कित्येक जुन्या बागा उजाड केल्या. तरीही वेलचीवरच घराचं छप्पर, मुलांची फी, लग्न. आमच्या वरच्या कार्यालयाला मात्र दरमहा हप्ता हवा असे. वर्षातून एकदा पैसा बघणाऱ्या माणसानं दरमहा हप्ता कुठून भरायचा? मी दोन वर्षं पत्रं लिहिली. तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली.

चहा म्हणाल तर तेमी, १९६९चा सरकारी मळा. पर्यटन आहेच. नथुलामार्गे तिबेटशी चालणारा व्यापार ६ जुलै २००६ला चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा सुरू झाला तेव्हा केवढ्या आशा होत्या. तो यादीतल्या थोड्याच वस्तूंपुरता राहिला आणि २०२०च्या साथीत थांबला.

परवानगी आणि दम

गंगटोक, पेलिंग, नामचीला भारतीयांना परवाना लागत नाही. छांगू तलाव-नथुला आणि लाचेन-लाचुंगकडे लागतो, तो गंगटोकच्या नोंदणीकृत प्रवास कंपनीमार्फत काढतात. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, फोटोच्या प्रती जवळ ठेवा. नथुला (४,३१० मीटर) सोमवार-मंगळवार बंद. निघायच्या दिवशी रस्ता चालू आहे का, हे परवान्याइतकंच महत्त्वाचं.

गंगटोकहून थेट पाच हजारांवर उडी घेऊ नका. लाचेनला रात्र काढा, जमलं तर दोन. गुरुडोंगमारला पहाटे निघून दुपारच्या आत परतायचं, नंतर वारा उठतो. डोकं दुखायला लागलं तर शूरपणा न करता खाली. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या नेऊ नका; राज्यात २०२२पासून बंदी आहे.

उतरताना पेन्सिल हातात ठेवा

२०२४ला पुन्हा गेलो तेव्हा तो आलेखाचा कागद बरोबर होता. त्यावर एक ठिपका नव्यानं द्यावा लागला: दक्षिण ल्होनाक, हिमनदीच्या पायथ्याचा तलाव, ५,२०० मीटर. ३-४ ऑक्टोबर २०२३च्या रात्री तो फुटला. साठेक किलोमीटर खाली चुंगथांगला तिस्ता-३ प्रकल्पाचं साठ मीटर उंच धरण होतं, १,२०० मेगावॅटचं, २०१७ला सुरू झालेलं. पाण्यानं ते काही मिनिटांत नेलं. त्याच्याही कितीतरी आधी, २००७मध्ये, झोंगू या लेपचांच्या राखीव भागातल्या तरुणांनी तिस्तेवरच्या प्रकल्पांविरुद्ध उपोषण केलं होतं, आणि झोंगूतले काही प्रकल्प रद्दही झाले होते.

तिस्ता बाजारला आमची जीप चहाला थांबली. नदीचं पात्र गाळानं इतकं वर आलंय की पूर्वी जिथून खाली डोकावून पाहायचो तिथे आता नुसती मान वळवली तरी पाणी दिसतं. मी दाज्यूला विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? त्यानं फूट-मीटर काही सांगितलं नाही. दुकानाच्या आत नेलं आणि भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे बोट केलं. बोर्डाच्या वरती वीतभर, पिवळ्या रंगावर एक करडी रेघ होती. दुकानदारीण दिदी म्हणाली, रंग दोनदा काढला, रेघ पुन्हा वर येते.

मी कागद काढला, वरच्या कोपऱ्यातल्या ल्होनाकच्या ठिपक्यापासून तिस्ता बाजारपर्यंत रेघ ओढली, आणि चहाचे पैसे दिले.